शून्य फाइंडिंगच्या रिपोर्टवर सही करण्याआधी

मोबाइल अ‍ॅप बाजारात सोडण्याचा शेवटचा होकार ज्यांच्या हातात असतो अशा सर्व प्रॉडक्टप्रमुखांना, प्रकल्प व्यवस्थापकांना आणि अ‍ॅप बनवण्याचं कंत्राट देणाऱ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी अ‍ॅप्सची सुरक्षा तपासून पोट भरतो. तुमच्याकडून येणाऱ्या मेल साधारण एकाच साच्यातल्या असतात. अ‍ॅप तयार आहे, शुक्रवारी रिलीज आहे, गुरुवारपर्यंत एक स्कॅन मारून रिपोर्ट पाठवा, क्रिटिकल आणि हाय फाइंडिंग, म्हणजे सापडलेले गंभीर दोष, शून्य हवेत. म्हणजे निकाल आधीच ठरलाय, परीक्षा तेवढी उरकायची आहे. मी स्कॅन मारतो, काही निघतं, तुमचे डेव्हलपर रात्रभर जागून ते बुजवतात, मी पुन्हा स्कॅन मारतो, रिपोर्ट हिरवा होतो आणि फाइलला लागतो. कागदोपत्री यात कुणाचंच काही चुकत नाही. तरीही असा हिरवा रिपोर्ट मिळालेल्या अ‍ॅपमधून लोकांचे पत्ते आणि व्यवहार उघडे पडलेले मी पाहिलेत. म्हणून हे पत्र.

माझी तक्रार स्कॅनरबद्दल, म्हणजे दोष आपोआप हुडकणाऱ्या साधनाबद्दल, नाही, हे आधीच सांगतो. ते साधन नसतं तर आमचं काम अशक्य झालं असतं. अँड्रॉइडचं एपीके, म्हणजे फोनवर बसवायचं अ‍ॅपचं पॅकेज, ही शेवटी एक झिप फाइल. ती सोडवली की आत मॅनिफेस्ट (अ‍ॅपची माहिती आणि परवानग्या लिहिलेली फाइल), डेक्स फाइल्समध्ये बांधलेला कोड, चित्रं आणि मजकूर, आणि लिब फोल्डरमधल्या, थेट प्रोसेसरसाठी बांधलेल्या नेटिव्ह लायब्ररी असा ऐवज निघतो. स्कॅनर मॅनिफेस्ट वाचून सांगतो की डीबग, म्हणजे डेव्हलपरच्या चाचणीची मुभा, चालू राहिलंय, बॅकअपमधून डेटा बाहेर काढता येतोय, किंवा जी स्क्रीन फक्त अ‍ॅपने आतून उघडायची ती दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपला उघडता येतेय. मग तो डेक्समधला कोड वाचता येईल अशा रूपात आणतो आणि त्यात ठरावीक घातक नमुने हुडकतो. मॉबएसएफसारखं मुक्त स्रोत साधन हे सगळं काही मिनिटांत करून देतं. माणसाला यालाच दिवस लागले असते, आणि तो कंटाळून चुकलाही असता.

कोडमध्ये राहून गेलेल्या किल्ल्या शोधण्यात तर स्कॅनरचा हात कुणी धरणार नाही. क्लाउडची की, पेमेंटचा गुप्त संकेत, कुणीतरी घाईत टाकलेला अ‍ॅडमिनचा पासवर्ड, असं बरंच काही सापडतं. "आम्ही कोड ऑबफस्केट केलाय" असं, म्हणजे कोड वाचायला अवघड करून ठेवलाय असं, डेव्हलपर छातीठोकपणे सांगतात, पण अँड्रॉइडच्या नेहमीच्या आर8 साधनाने क्लास आणि फंक्शनची नावं बदलतात. अवतरणचिन्हांतला मजकूर जसाच्या तसा राहतो, आणि किल्ल्या नेमक्या त्या मजकुरातच असतात. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने 2024 मध्ये मोबाइल अ‍ॅप्समधल्या दहा मुख्य धोक्यांची यादी नव्याने काढली, तेव्हा अशा किल्ल्या आणि पासवर्डच्या चुकीच्या वापराला पहिला क्रमांक दिला.

प्रश्न आहे तो स्कॅनरच्या निकालाचा तुम्ही काय अर्थ लावता याचा. ‘क्रिटिकल 0, हाय 0’ या ओळीचा अर्थ इतकाच, की जे नमुने या साधनाला ठाऊक आहेत ते, त्याला जेवढं वाचता आलं तेवढ्या भागात, त्या दिवशी सापडले नाहीत. तुम्ही मात्र ती ओळ ‘अ‍ॅप सुरक्षित आहे’ अशी वाचता. या दोहोंमधली दरी किती रुंद असू शकते ते सांगतो.

एका जुन्या अभ्यासाचा मी नेहमी दाखला देतो. जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि मारबुर्ग विद्यापीठांच्या संशोधकांनी 2012 मध्ये 13,500 मोफत अँड्रॉइड अ‍ॅप्स एका साधनाखालून घातली. प्रश्न एकच होता, सर्व्हरशी बोलताना हे अ‍ॅप समोरच्याचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, नीट तपासतं का. साधनाने 1,074 अ‍ॅप्सवर बोट ठेवलं, म्हणजे साधारण 8 टक्के. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी 100 अ‍ॅप्स निवडून हाताने तपासली, अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्या मधे बसून खरोखर हल्ला करून पाहिला, आणि 41 अ‍ॅप्समध्ये तो यशस्वी झाला. यातला कुठलाही एक आकडा घेऊन निष्कर्ष काढला तर फसगत होते. साधन नसतं तर साडेतेरा हजारांच्या ढिगात कुठे बघायचं हेच कळलं नसतं. माणूस नसता तर ‘संशय आहे’ आणि ‘प्रत्यक्ष फुटतं’ यातला फरक कळला नसता.

त्या अभ्यासातला दोष आजही भेटतो, आणि तो येतो कसा हे पाहण्यासारखं आहे. टेस्ट सर्व्हरवर अधिकृत प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे अ‍ॅप जोडणीच करत नाही. डेव्हलपर इंटरनेटवर उपाय शोधतो. त्याला प्रमाणपत्र तपासणारं एक फंक्शन मिळतं, ज्याच्या कंसांच्या आत काहीच नसतं. रिकामं फंक्शन कशालाच हरकत घेत नाही, म्हणून सगळं चालायला लागतं. मग टेस्ट सर्व्हर जातो, खरा सर्व्हर येतो आणि ते रिकामं फंक्शन तसंच राहतं. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, फक्त डीबग बिल्डपुरती (चाचणीच्या आवृत्तीपुरती) सूट देणारी सोय सिस्टिममध्येच आहे, तेव्हा या उद्योगाला आता सबबही उरलेली नाही. सांगायचा मुद्दा, हे रिकामं फंक्शन स्कॅनर चुटकीसरशी पकडतो. कारण दोष पॅकेजच्या आत आहे.

आता पॅकेजच्या बाहेरचा दोष बघा. दोन खाती घ्या, एक माझं आणि एक माझ्या सहकाऱ्याचं. मी माझ्या खात्यातून लॉगिन करून ‘माझ्या ऑर्डर’ उघडतो. फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये प्रॉक्सी, म्हणजे येणंजाणं दाखवणारा मध्यस्थ, लावलेला असतो, त्यामुळे अ‍ॅपने काय मागितलं ते मला दिसतं. एक लहानशी विनंती, तिच्यात माझं टोकन (लॉगिन केल्याची खूण) आणि शेवटी ऑर्डरचा क्रमांक. मी टोकन माझंच ठेवतो, फक्त क्रमांक बदलून सहकाऱ्याच्या ऑर्डरचा घालतो आणि विनंती पुन्हा पाठवतो. उत्तरात त्याचं नाव, त्याचा पत्ता, त्याचा फोन नंबर. सर्व्हरने टोकन खरं आहे का एवढंच पाहिलं, ही ऑर्डर या टोकनवाल्याची आहे का हे विचारलंच नाही. पुढे क्रमांक एकेकाने वाढवत जाणं हे एका छोट्या स्क्रिप्टचं काम.

या प्रकारात अ‍ॅपच्या पॅकेजमध्ये एकही दोष नाही. प्रमाणपत्राची तपासणी चोख, टोकन कीस्टोअर या फोनच्या तिजोरीतल्या किल्लीने कुलूपबंद, कोडमध्ये एकही किल्ली उघडी नाही. स्कॅनर शून्य दाखवतो आणि ते शून्य खरंही असतं. ओवास्पची एपीआयच्या, म्हणजे अ‍ॅप सर्व्हरशी ज्या वाटेने बोलतं तिच्या, धोक्यांची वेगळी यादी आहे, तिच्यात 2019 मध्ये हाच दोष पहिला होता आणि 2023 मध्येही पहिलाच आहे. कुठली ऑर्डर कुणाची हे साधनाला कोण सांगणार? ते तुमच्या धंद्याचे नियम जाणणाऱ्या माणसालाच कळतं. तरीही तुमच्या कंत्राटात कामाची व्याप्ती म्हणून लिहिलेलं असतं: ‘मोबाइल अ‍ॅपचे स्कॅनिंग, एपीआय वगळून.’ अ‍ॅप म्हणजे सर्व्हरकडे उघडणारी खिडकी, आणि आम्हाला फक्त चौकटीचं लाकूड तपासायला बोलावलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी. अ‍ॅप फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनसंचात लिहिलेलं असेल तर तुमचा सगळा खरा कोड एका नेटिव्ह लायब्ररीत बांधला जातो. डेक्समध्ये उरतं ते अ‍ॅप सुरू करण्यापुरतं जुजबी आवरण. जावा-कोटलिन या अँड्रॉइडच्या नेहमीच्या भाषा वाचणारा स्कॅनर ते आवरण आणि सोबत आलेल्या लायब्ररी वाचतो आणि समाधानाने शून्य देतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या तशाच दुसऱ्या साधनसंचात कोड असेट्स फोल्डरमधल्या एका जावास्क्रिप्ट बंडलमध्ये असतो. काही साधनं तो उघडतात, काहींना तो नुसती एक डेटा फाइल वाटते. चालत्या अ‍ॅपची तपासणी करतानाही असाच चकवा बसतो. फोनला लावलेलं प्रॉक्सीचं सेटिंग फ्लटर आपणहून पाळत नाही, त्यामुळे नवख्या तपासनीसाच्या पडद्यावर अ‍ॅपची एकही विनंती उमटत नाही. त्याने ‘संशयास्पद ट्रॅफिक आढळले नाही’ असं लिहिलं, तर ते वाक्य खोटं नसतं. त्याला कुठलंच ट्रॅफिक आढळलेलं नसतं! आयफोनच्या बाबतीत अ‍ॅप स्टोअरवरून उतरवलेल्या अ‍ॅपचा मुख्य कोड एन्क्रिप्ट केलेला असतो. तीच फाइल स्कॅनरला दिली तर वरवरच्या सेटिंगपलीकडे त्याच्या हाती फार काही लागत नाही.

म्हणून आम्ही रिपोर्टच्या शेवटी एक पान जोडतो, काय तपासता आलं नाही याचं. कुठल्या स्क्रीनपर्यंत पोहोचलो नाही, कुठली लायब्ररी साधनाला वाचता आली नाही, पेमेंटचा भाग टेस्ट सर्व्हरवर बंद होता, दुसरं खातं मिळालं नाही. सगळ्या रिपोर्टमधलं हे सर्वांत उपयोगाचं पान, असं माझं मत आहे. आणि नेमकं तेच काढून टाकायला आम्हाला सांगितलं जातं. वरचे लोक घाबरतात, ऑडिटर प्रश्न विचारतो, क्लायंटला दाखवायला बरं दिसत नाही, ही कारणं. एका ठिकाणी तर ते पान काढल्यावरच बिल मंजूर होईल असं कळवण्यात आलं होतं. तुम्ही त्या पानावाचून सही करता तेव्हा तुम्ही कशावर सही करताय ते तुम्हालाच माहीत नसतं, आणि उद्या काही झालं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार आहे.

कुणी म्हणेल, स्टोअर तपासतंच की. तपासतं, पण त्याचा रोख मुख्यतः घातक अ‍ॅप्स आणि स्टोअरचे नियम यांच्याकडे असतो. तुमचा सर्व्हर कुणाची ऑर्डर कुणाला दाखवतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि घातक कोडही निसटतोच. 2015 मध्ये एक्सकोड या अ‍ॅपलच्या अ‍ॅप बनवण्याच्या साधनाची भेसळ केलेली प्रत चीनमधल्या अनेक डेव्हलपरांनी उतरवून घेतली, आणि तिच्यातून बनलेली अ‍ॅप्स रीतसर मंजुरी घेऊन अ‍ॅप स्टोअरवर पोहोचली. वीचॅटची एक आवृत्तीसुद्धा त्यात होती. त्या डेव्हलपरांनी स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये काही काळंबेरं नव्हतं.

आता गोंगाटाबद्दल, कारण शून्याचा हट्ट तिथूनही येतो. कच्चा स्कॅन मारला की फाइंडिंगचा पाऊस पडतो. चित्रांच्या कॅशेला नाव देण्यासाठी एखाद्या लायब्ररीने एमडी5 ही जुनी, कमकुवत पद्धत वापरली तरी ‘कमकुवत क्रिप्टोग्राफी’ म्हणून लाल ओळ येते. अ‍ॅनिमेशनसाठी काढलेला साधा रँडम आकडाही गुन्हेगार ठरतो. नकाशाची की उघडी सापडली म्हणून हाय लागतो, पण ती अ‍ॅपमध्ये असणारच. बघायचं ते एवढंच, की तिचा वापर तुमच्या पॅकेजचं नाव आणि सहीचं प्रमाणपत्र यांच्यापुरता मर्यादित केलाय का. डेव्हलपर अशा पन्नास ओळी वाचून वैतागतो आणि एकावन्नावी, जी खरी असते, तीही त्याच ओघात ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (खोटा इशारा) म्हणून बंद करतो. वरून शून्याचा दबाव असेल तर हे आणखी जोमाने होतं. साधनाच्या सेटिंगमध्ये नियमच बंद केलेले मी पाहिलेत. फाइंडिंग गायब, सगळे खूश. एखादी ओळ बंद करायला माझी ना नाही. पण बाजूला दोन वाक्यं हवीत: ही बंद का केली आणि कुणी केली. सहा महिन्यांनी कोड बदलला की ते कारण अजून खरं आहे का हे कुणीतरी बघू शकतं.

याच्या उलट टोकाचा प्रकारही आहे. रूट डिटेक्शन (फोनचे निर्बंध काढलेत का हे ओळखणं) नाही, सर्टिफिकेट पिनिंग (ठरलेलंच प्रमाणपत्र मानणं) नाही, म्हणून साधन मीडियम किंवा हाय देतं आणि सगळी टीम त्यामागे लागते. फ्रिडा हे चालत्या अ‍ॅपमध्ये ढवळाढवळ करणारं साधन हाताळणारा माणूस रूट डिटेक्शन सहसा फार घाम न गाळता उतरवतो. त्याचा काहीच उपयोग नाही असं नाही, हल्लेखोराचा वेळ जातो. पण सर्व्हर कुणालाही कुणाचीही ऑर्डर देत असताना पिनिंगवर दोन आठवडे घालवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

स्कॅन एकदाच, तोही रिलीजच्या तोंडावर मारायचा, ही तुमची पद्धत मोडायला हवी. वरातीमागून घोडं आणून काय उपयोग? तोवर दोष सगळ्या अ‍ॅपभर मुरलेला असतो. स्वयंचलित स्कॅन प्रत्येक बिल्डला लागायला हवा, म्हणजे डेव्हलपरला आज लिहिलेल्या ओळीबद्दल आजच कळतं. आणि रिलीजनंतरही तो चालू राहायला हवा, कारण अ‍ॅपमध्ये एक अक्षर न बदलताही ते असुरक्षित होऊ शकतं. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपी या चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष असल्याचं जाहीर झालं. क्रोमने लगेच दुरुस्ती दिली. पण ही लायब्ररी कितीतरी अ‍ॅप्सनी आपापल्या पोटात बांधून घेतलेली असते, आणि ब्राउझर अपडेट झाला म्हणून त्या प्रती आपोआप बदलत नाहीत. ऑगस्टच्या हिरव्या रिपोर्टला सप्टेंबरमध्ये काही किंमत उरली नव्हती. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे आपल्या अ‍ॅपमध्ये कुठली लायब्ररी, कुठल्या आवृत्तीची आहे याची यादी होती, त्यांना उत्तर लगेच मिळालं. बाकीचे डेव्हलपरांना फोन करत बसले.

हे सगळं माझ्या पदरचं नाही. ओवास्पचं मोबाइल अ‍ॅपसाठीचं पडताळणी मानक आहे, एमएएसव्हीएस. त्याची दुसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. साठवण, क्रिप्टोग्राफी, लॉगिन, नेटवर्क अशा विभागांत काय असायला हवं ते त्यात नेमकं सांगितलंय, आणि नुसत्या स्वयंचलित साधनांनी ही पडताळणी पूर्ण होत नाही हेही सांगितलंय. तुमच्या निविदांमध्ये या मानकाचं नाव अलीकडे दिसायला लागलंय, छान आहे. पण त्याच निविदेत पुढे ‘स्कॅन रिपोर्ट सादर करावा’ एवढीच अट असते. मग मानकाचं नाव शोभेपुरतं राहतं.

तेव्हा पुढचं काम पाठवताना एवढं करा. प्रत्येक भूमिकेची दोन-दोन खाती द्या, म्हणजे एकाच्या टोकनने दुसऱ्याचं काही मिळतं का ते बघता येईल. रिलीज बिल्डसोबत पिनिंग आणि ऑबफस्केशन काढलेला बिल्डही द्या. स्वतःच्याच तपासनीसाला अडथळ्यांची शर्यत लावण्यात आपलाच वेळ जातो. एपीआय व्याप्तीत घ्या. टेस्ट सर्व्हरवर पेमेंट, परतावा, पासवर्ड बदलणं हे सगळं चालू ठेवा, कारण भानगडी तिथेच असतात. प्रत्येक फाइंडिंगपुढे तुमच्या बाजूच्या एका माणसाचं नाव असू द्या. ‘टीम’ हे नाव असलं की ती ओळ वर्षभर तशीच लोळत पडते.

आणखी एक. तुमच्या अ‍ॅपमधला दोष बाहेरच्या कुणाला सापडला तर तो तुम्हाला कळवण्याची जागा ठेवा. त्यासाठी सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची साधी फाइल साइटवर ठेवायची पद्धत आहे, 2022 मध्ये आरएफसी 9116 या इंटरनेटच्या दस्तऐवजात ती मांडली गेली. एक पत्ता आणि ही माहिती कधीपर्यंत लागू याची मुदत लिहायची, तासाभराचं काम. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवली, तर पुढचा माणूस तुम्हाला कळवणार नाही. तो गप्प बसेल, किंवा दुसऱ्या कुणाला सांगेल.

वेळ कमी असतो हे मलाही कळतं. रिलीजची तारीख तुमच्याही हातात नसते, वरून कुणीतरी ती जाहीर करून मोकळं झालेलं असतं. अशा वेळी तसं सरळ लिहा, की तीनच दिवस आहेत. मग सगळ्या अ‍ॅपवर वरवर हात फिरवण्याऐवजी आपण मिळून ठरवू, की पैसे कुठून हलतात, पासवर्ड विसरल्यावर खातं परत कसं मिळतं आणि एका माणसाला दुसऱ्याची माहिती कुठे दिसू शकते. त्या तीन वाटा मी हाताने तपासतो, बाकीच्यावर स्कॅनर लावतो, आणि न तपासलेल्याची यादी शेवटच्या पानावर लिहितो. त्या पानावर तुमचीही सही असू द्या.

आपला,
एक अ‍ॅप तपासनीस